थरथरणारा कट : प्रस्तावना

32 मिलिमीटरचा बोरिंग बार टूल पोस्टबाहेर 200 मिलिमीटर काढलेला आहे आणि समोर 40 मिलिमीटरचे खोल बोअर आहे. लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. टूल जॉबला लागते आणि दोन-चार फेऱ्यांत अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल अशी किंचाळी सुरू होते. मशीन थांबवून आत बॅटरी मारली तर बोअरच्या अंगावर बारीक, एकसारख्या वळ्या उमटलेल्या दिसतात. इन्सर्टची टीप उडालेली असते. मग आपल्याकडे सर्रास जे होते तेच होते : स्पीड खाली, कट निम्मा, फीड त्याहून कमी. किंचाळी कधी थांबते, कधी वाढते. थांबली तरी अर्ध्या तासाचा जॉब दीड तास खातो, आणि पुढच्या आठवड्यात तसाच जॉब आला की सगळे पहिल्यापासून.

या विषयाची ओळख करून देताना मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कंपनाला कारण असते, ते ओळखता येते, आणि ओळखले तर त्यावरचा उपाय बहुतेक वेळा गाळ्यातच सापडतो. आपण मात्र आधी उपाय करून पाहतो. एक लागू पडला नाही तर दुसरा करतो, दुसरा नाही तर तिसरा, आणि कारणापर्यंत जायचे राहूनच जाते. म्हणून पुढच्या प्रकरणांचा क्रम आधी ओळख, मग उपाय असा ठेवला आहे. ज्याला घाई आहे त्यानेही हा क्रम मोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे लिखाण मानखुर्दमध्ये झाले आणि त्याची छाप मजकुरावर पडली आहे. इथे एका अंगाला ट्रॉम्बेची टेकडी, तिच्या पायथ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुशक्तीनगर. दुसऱ्या अंगाला मंडाळ्याच्या भंगाराच्या गल्ल्या. देशातले अत्यंत अचूक यंत्रकाम आणि तोडलेल्या यंत्रांचे सुटे भाग यांच्यात इथे फार अंतर नाही. पूर्व उपनगरांतले अनेक मोठे कारखाने बंद झाले किंवा मुंबईबाहेर गेले, पण शाफ्ट, बुश, पुली, फ्लँज टर्न करून देणारे छोटे गाळे टिकून राहिले. त्यांतली बरीच मशीन दुसऱ्या, तिसऱ्या हातांतून आलेली असतात. बेडवर झीज असते, स्लाइडच्या गिबमध्ये ढिलाई असते, स्पिंडलच्या बेअरिंगने पुष्कळ पावसाळे पाहिलेले असतात. परदेशी पुस्तकांतले तक्ते नव्या, घट्ट, सिमेंटच्या भरभक्कम पायावर बसवलेल्या मशीनसाठी असतात. आपल्याला आपल्या मशीनपासून सुरुवात करावी लागते.

जमिनीचाही विचार करावा लागतो. मानखुर्द खाडीकाठी आहे. आजूबाजूला खारफुटी, मिठागरे आणि भराव टाकून केलेली जमीन. 1992 साली हार्बर मार्ग खाडी ओलांडून वाशीला जाईपर्यंत हे त्या मार्गाचे शेवटचे स्टेशन होते. आज लोकल पुढे पनवेलपर्यंत धावतात आणि महामार्गावर अवजड वाहनांची ये-जा अखंड चालू असते. खाडीच्या मऊ मातीवर टाकलेला कोबा हळूहळू खचतो. कोबा खचला की लेथच्या बेडला पीळ बसतो, पीळ बसला की सॅडल कुठे घट्ट तर कुठे सैल चालते, आणि सैल जागी कट थरथरू लागतो. अशा वेळी टर्नर टूल बदलत बसतो आणि दोष त्याच्या पायाखाली असतो. मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी लेव्हल ही म्हणूनच कंपनाविरुद्धची पहिली वस्तू आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बेड एकदा तपासला तर पुष्कळ गूढ आपोआप उकलते.

धातू कापताना टूल का थरथरते, हा प्रश्न विचारणारे आपण पहिले नाही. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याने 26 वर्षे धातू कापण्याचे प्रयोग केले आणि त्यांचे सार 1907 साली प्रसिद्ध केले. कापण्याचा वेग, टूलचे कोन, हाय स्पीड स्टील या सगळ्यांबाबत नियम बांधणाऱ्या या माणसाने या थरथरीबद्दल, म्हणजे चॅटरबद्दल, मात्र कबूल केले, की मशीनिस्टपुढच्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत अस्पष्ट आणि नाजूक आहे. त्यानंतर सुमारे चार दशके गेली. 1946 मध्ये आर. एन. अरनॉल्ड यांनी पोलाद कापताना होणाऱ्या टूलच्या कंपनावर महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. पुढे 1950 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात यिर्झी ट्लुस्टी आणि इंग्लंडमध्ये स्टीफन टोबायस यांनी मूळ कारणावर बोट ठेवले.

ते कारण समजले की अर्धा विषय समजला, म्हणून इथे जरा थांबतो. कच्च्या रस्त्यावर एखाद्या गाडीचे चाक उडते आणि मातीत लहानसा उंचवटा तयार होतो. पुढची गाडी त्या उंचवट्यावर उडते आणि पुढे आणखी एक उंचवटा करते. काही दिवसांत सगळा रस्ता वळ्यावळ्यांचा होतो. लेथवर हेच एका सेकंदात होते. टूल क्षणभर डगमगते आणि जॉबवर एक बारीक लाट सोडते. जॉबची एक फेरी पुरी होते, टूल पुन्हा त्याच जागी येते आणि आता त्याला सपाट पृष्ठभागाऐवजी लाट कापावी लागते. चिप कुठे जाड, कुठे पातळ निघते. जाड ठिकाणी जोर जास्त लागतो, पातळ ठिकाणी कमी, म्हणून टूल पुन्हा डगमगते आणि नवी लाट सोडते. जुनी लाट आणि नवी लाट एकमेकींशी जुळून चालल्या तर चिपची जाडी जवळपास सारखी राहते आणि थरथर विरते. त्या एकमेकींच्या पुढेमागे झाल्या तर प्रत्येक फेरीला थरथरीत भर पडते, ती थेट टूल जॉबमधून उडून बाहेर पडेपर्यंत. म्हणजे हे कंपन बाहेरून कोणी आणलेले नसते. कापण्याच्या क्रियेतूनच ते जन्मते आणि स्पिंडलच्या मोटरकडून ताकद घेऊन वाढते.

सगळे कंपन असे नसते, आणि नेमकी इथेच गल्लत होते. गाळ्यात भेटणाऱ्या कंपनाचे तीन प्रकार पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. पहिला प्रकार धक्क्याचा : टूल जॉबला पहिल्यांदा लागले किंवा ओतकामातला कठीण गोळा टूलखाली आला की एक झटका बसतो आणि थोड्या वेळात विरून जातो. दुसरा प्रकार बाहेरून लादलेला : चक किंवा जॉब एका बाजूला जड असतो, पट्टा एका जागी जाडसर झालेला असतो, बेअरिंग गेलेले असते, नाहीतर शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालू असतो. तिसरा प्रकार वर सांगितलेला, कटातून जन्मणारा. गाळ्यात त्यालाच चॅटर म्हणतात.

हे तीन प्रकार ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. टूल जॉबपासून दूर घ्या आणि स्पिंडल तसाच फिरू द्या. थरथर कायम राहिली तर कारण फिरणाऱ्या भागांत आहे. आता स्पिंडलही थांबवा आणि टूल पोस्टवर डायल लावून त्याचे टोक चकला टेकवा. काटा तरीही हलत असेल तर कंपन जमिनीतून येते आहे. या दोन्ही वेळा सगळे शांत असेल आणि टूल लागताच किंचाळी सुरू होत असेल, तर स्पीड दहा टक्क्यांनी बदलून आवाज ऐका. आवाजाची पट्टी स्पीडबरोबर सरकली तर कंपन लादलेले आहे. स्पीड बदलूनही पट्टी जवळजवळ तीच राहिली तर ते चॅटर आहे, कारण चॅटर बार, जॉब किंवा स्पिंडल यांच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येच्या आसपास गातो. अनुभवी टर्नरचे कान हे काम आजही करतातच. त्या कानांना काय ऐकायचे ते नेमके सांगणे, एवढेच शास्त्राचे काम आहे.

कारण कळले की उपायांच्या तीन वाटा दिसतात : ताठरपणा वाढवणे, कंपन शोषून घेणे आणि स्पीड बदलून लाटांचा मेळ साधणे. पहिली वाट सर्वांत स्वस्त आहे आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

ताठरपणाचा हिशेब प्रत्येक टर्नरला तोंडपाठ असावा असे मला वाटते. बार जितका बाहेर काढाल त्याच्या घनाच्या प्रमाणात तो वाकतो, आणि जितका जाड घ्याल त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात ताठ होतो. सुरुवातीच्या उदाहरणातला 32 मिलिमीटरचा पोलादी बार 200 मिलिमीटर बाहेर असताना टोकाला 500 न्यूटन, म्हणजे साधारण 50 किलो वजनाइतका जोर आला, तर तो सुमारे 0.12 मिलिमीटर वाकतो. त्याच जागी 25 मिलिमीटरचा बार लावला तर 0.33 मिलिमीटर. 32 चाच बार ठेवून तो 200 ऐवजी 150 मिलिमीटर बाहेर काढता आला तर फक्त 0.05 मिलिमीटर. 50 मिलिमीटर आत सरकवण्याला पैसा लागत नाही आणि ताठरपणा दुपटीहून जास्त वाढतो. टंगस्टन कार्बाइडचा बार पोलादापेक्षा जवळपास तिप्पट ताठ असतो, पण त्याची किंमतही तशीच असते. व्यवहारात पोलादी बार व्यासाच्या चौपटीपर्यंत, कार्बाइडचा सहापटीपर्यंत निभावतो. आपल्या उदाहरणात बार व्यासाच्या सहापटीहून जास्त बाहेर आहे. त्याने किंचाळावे यात नवल काहीच नाही.

हा हिशेब फक्त बारला लागू नाही. टूल पोस्टखाली ठेवलेल्या पत्र्याच्या चार-पाच पट्ट्या, चकच्या जॉमध्ये जेमतेम पकडलेला जॉब, टेलस्टॉकचा लांब बाहेर काढलेला स्लीव्ह, क्रॉस स्लाइडचा ढिला गिब, या सगळ्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. साखळीत सगळ्यात लवचीक कडी जी असेल तीच चॅटरची जागा ठरवते. लांब शाफ्टला स्टेडी न लावता घाईघाईत कट घेणे म्हणजे तीच कडी मुद्दाम मोकळी सोडणे होय.

दुसरी वाट कंपन शोषून घेण्याची. जुन्या मशीनचे बेड बिडाचे का असतात याचे एक उत्तर इथे मिळते. बिडात ग्राफाइटचे पातळ पापुद्रे विखुरलेले असतात आणि ते कंपनाची ऊर्जा अंतर्गत घर्षणात जिरवतात. पोलादाच्या तुलनेत बीड हा गुण कितीतरी जास्त दाखवते. महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहासही याच धातूशी जोडलेला आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बिडाचे नांगर ओतले, 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली, आणि त्यांच्याच घराण्याने पुढे 1941 मध्ये हरिहरला लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना काढला. त्या पिढीच्या मशीनचे बेड आजही कित्येक गाळ्यांत काम देतात. अशा बेडखाली पत्र्याचे हलके स्टँड जोडून, खालचा मूळ पाया काढून टाकून आपण त्याचा मोठा गुण वाया घालवतो.

शोषणाची आणखी एक युक्ती जहाजांपासून आली. हर्मान फ्राम या जर्मन अभियंत्याने 1911 साली अशा शोषकाचे पेटंट मिळवले, ज्यात हलणाऱ्या वस्तूला एक लहान वजन स्प्रिंगने जोडले जाते. योग्य जुळणी झाली की वजन हलते आणि मूळ वस्तू शांत राहते. 1928 मध्ये ऑर्मंड्रॉइड आणि डेन हार्टोग यांनी त्याचे गणित मांडले. आज बाजारात मिळणारे कंपनरोधी बोरिंग बार याच तत्त्वावर चालतात : बारच्या पोकळ डोक्यात जड धातूचा गोळा रबराच्या कड्यांवर, तेलात तरंगत ठेवलेला असतो. असे बार व्यासाच्या दहापट आणि त्याहूनही खोल जातात. प्रत्येक गाळ्याला ते परवडणार नाहीत, म्हणून एका प्रकरणात कमी खर्चाचे उपायही दिले आहेत. पातळ ब्रेक ड्रम टर्न करताना बाहेरून रबरी पट्टा घट्ट बांधण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. पातळ बुशच्या आत मेण किंवा तत्सम भरण टाकून कट घेणेही तसेच. मात्र फिरत्या चकजवळ लाकडाचा तुकडा हाताने दाबून धरण्याची सवय कितीही गुणकारी वाटली तरी ती कायमची सोडायला हवी. त्यात बोटे जातात.

तिसरी वाट स्पीडची, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. जुन्या लेथवर काम शिकलेला माणूस म्हणतो, स्पीड कमी कर. व्हीएमसीवर काम करणारा तरुण म्हणतो, स्पीड वाढवला की शांत होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. कमी स्पीडला लाटा लहान लांबीच्या होतात आणि टूलची मागची बाजू त्यांवर घासते. हे घासणे ब्रेकसारखे काम करते. जास्त स्पीडला मात्र लाटांचा मेळ महत्त्वाचा ठरतो. ट्लुस्टी, टोबायस आणि 1965 मध्ये मेरिट यांच्या कामातून जो आलेख तयार झाला, त्यात स्पीडनुसार किती खोल कट निभेल ते दिसते. त्या आलेखात पाकळ्यांसारख्या रेषा असतात आणि पाकळ्यांच्या मधल्या खाचांत खोल कट शांतपणे घेता येतो. लेथच्या नेहमीच्या स्पीडला या खाचा इतक्या दाटीने येतात की त्यांचा उपयोग होत नाही. व्हीएमसीच्या स्पीडला त्या रुंद होतात.

उदाहरण घेऊ. चार दातांचा कटर 3000 आरपीएमवर चालतो आहे. म्हणजे सेकंदाला 200 वेळा दात कापतो आणि स्पिंडल 50 फेऱ्या घेतो. मोबाइलवर आवाजाचा पट दाखवणारे अॅप उघडले तर 50 आणि 200 च्या पटीतल्या रेषा दिसणे स्वाभाविक आहे. त्यांच्यात 720 हर्ट्झला एक उंच रेषा आली तर ती या पटींत बसत नाही; तो चॅटर आहे. आता 720 ला 60 ने गुणून चार दातांनी भागा : 10,800 आरपीएम. त्याचे दोन, तीन, चार भाग करा : 5,400, 3,600, 2,700. हे शांत खाचांच्या आसपासचे स्पीड आहेत. 3000 वर ओरडणारा कटर 3,600 वर किंवा 2,700 वर त्याच खोलीचा कट मुकाट घेऊ शकतो. स्पीड मनाने बदलणे आणि हिशेबाने बदलणे यांतला फरक एवढ्या आकडेमोडीतून कळतो. कटर आणि मटेरियल तो स्पीड सोसेल का, हे अर्थात आधी पाहायचे.

सवयीने केले जाणारे काही उपाय उलटे का पडतात याचाही उलगडा पुढे केला आहे. इन्सर्टच्या टोकाची त्रिज्या 0.8 मिलिमीटर असताना कट 0.2 मिलिमीटरवर आणला, तर कापणारा भाग सगळा गोलाईतच राहतो आणि जोर बारला आडवा ढकलू लागतो. बार नेमका त्याच दिशेला कमकुवत असतो. म्हणून कट कमी केल्यावर किंचाळी वाढते. अशा वेळी 0.4 किंवा 0.2 ची त्रिज्या, धारदार आणि पॉझिटिव्ह इन्सर्ट आणि त्रिज्येहून थोडा जास्त कट जास्त उपयोगी पडतो. फीड फार कमी केले तरी हेच होते : टूल कापायचे सोडून घासू लागते. पार्टिंग करताना टूल सेंटरच्या उंचीवर नसेल आणि जॉब चकपासून लांब असेल तर बाकी काहीही केले तरी शांतता मिळत नाही.

मानखुर्दच्या माणसाने या विषयाच्या संदर्भात ध्रुवची गोष्टही माहीत करून घ्यावी. 8 ऑगस्ट 1985 रोजी ट्रॉम्बेला ध्रुव ही 100 मेगावॉटची संशोधन अणुभट्टी प्रथम कार्यान्वित झाली. मराठी वाचकांना परिचित असलेले अनिल काकोडकर या प्रकल्पाच्या अभियांत्रिकीत अग्रभागी होते. सुरुवातीलाच अडचण आली. जड पाण्याच्या वेगवान प्रवाहात इंधनाच्या जुड्या थरथरू लागल्या. इंधनावरचे अॅल्युमिनिअमचे आवरण घासले जाऊ लागले आणि त्याचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळून पाणी गढूळ झाले. हे कंपन प्रवाहाने उपजलेले होते, कट घेताना होणारे नव्हते. पण त्याला सामोरे जाण्याची रीत आपल्या कामाची आहे. भट्टी काही काळ कमी शक्तीवर चालवली गेली, पण तोच तोडगा मानून कोणी थांबले नाही. जुडी नेमकी कुठे मोकळी पडते ते शोधले गेले, तिच्या तळाला स्प्रिंगचा आधार देण्यात आला, आणि जानेवारी 1988 मध्ये ध्रुव पूर्ण शक्तीवर पोहोचली. स्पीड आणि कट कमी करून जॉब कसाबसा पुरा करणे म्हणजे भट्टी कमी शक्तीवर चालवणे. तात्पुरते ते करावेच लागते. चूक होते ती त्यालाच उपाय समजण्यात.

गाळ्याच्या मालकांसाठीही दोन शब्द. कंपनाची किंमत फिनिशपुरती नसते. उडालेली प्रत्येक इन्सर्टची टीप, लवकर गेलेले स्पिंडलचे बेअरिंग, दुप्पट लागलेला वेळ आणि परत आलेला जॉब हे सगळे त्याच खात्यात जाते. आणखी एक खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, तो म्हणजे कामगाराचे कान. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. पत्र्याच्या बंदिस्त गाळ्यात चॅटरची किंचाळी कान कसे दुखवते ते त्या गाळ्यात उभा राहिलेला कोणीही सांगेल. तरुणपणी ऐकू येणारे बारीक आवाज हळूहळू जातात आणि ते परत येत नाहीत. ज्या कानांनी कट ऐकून दोष ओळखायचा, तेच आपण या आवाजाला बळी देतो. इअर मफ द्यावेतच. पण आवाज जिथे जन्मतो तिथेच तो थांबवणे हे खरे काम आहे.

हे सगळे मराठीत का, असे कोणी विचारील. यंत्रांबद्दल मराठीत लिहिण्याची परंपरा जुनी आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, आणि कारखान्याच्या बातमीपत्रातून मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. आज ‘धातुकाम’ मासिक हाच धागा पुढे नेत आहे. तरीही आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती कंपनाचा हिशेब त्याच्या भाषेत क्वचितच पडतो. तो सीएनसी चालवतो, प्रोग्रॅम वाचतो, टॉलरन्स पाळतो, पण कट किंचाळला की सांगोवांगीच्या उपायांवर सोडून दिला जातो. त्याची बुद्धी कमी नाही, त्याला कारण सांगणारे कोणी भेटलेले नाही. गाळ्यातले शब्द मी तसेच ठेवले आहेत : टूल पोस्ट, गिब, स्टेडी, फीड, बार, इन्सर्ट. ज्या शब्दांनी रोज काम चालते त्याच शब्दांत शास्त्र सांगितले तर ते थेट हातात उतरते.

गणिताची भीती बाळगू नये. गुणाकार, भागाकार आणि घन काढता आला की पुस्तकाचा तीन चतुर्थांश भाग पार होतो. ज्या दोन प्रकरणांत त्याहून जास्त गणित आहे, ती पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील. मात्र एक काम प्रत्येकाने करावे. मशीनशेजारी एक वही ठेवावी. जॉब, मटेरियल, बारचा व्यास, तो किती बाहेर काढला, स्पीड, फीड, कट, टोकाची त्रिज्या, आणि कट शांत गेला की ओरडला, एवढे प्रत्येक कठीण जॉबनंतर लिहावे. वर्षभरात ती वही तुमच्या मशीनचा स्वतःचा आलेख होईल, आणि कोणत्याही परदेशी तक्त्यापेक्षा ती तुम्हाला जास्त खरी वाटेल, कारण तिच्यात तुमचा कोबा, तुमचा बेड आणि तुमचे बेअरिंग धरलेले असेल. नवीन मुलगा कामाला लागला की ती वही त्याच्या हाती द्यावी. आपल्याकडे कसब माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. लिहून ठेवले तर ते गाळ्यात राहते.

आणि पुढच्या वेळी कट किंचाळला की स्पीडच्या लिव्हरला हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : कंपन बाहेरून आले आहे की कटातून जन्मले आहे? साखळीत सगळ्यात लवचीक कडी कोणती आहे? तिला आधार देता येतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला डायल आणि पाच मिनिटे पुरतात, आणि पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते.

मानखुर्द, मुंबई